थांबणं की उशीर? किडनी अचानक बंद पडल्यावर डायलिसिस कधी सुरू करायचं

‘अजून डायलिसिस नको, थांबू या.’ किडनी अचानक बंद पडलेल्या रुग्णाजवळ हे वाक्य दोन अर्थांनी बोललं जातं. एकात दर काही तासांनी मोजमाप चालू असतं आणि कुठल्या आकड्याला मशीन लावायचं ते केस पेपरवर आधीच लिहिलेलं असतं. दुसऱ्यात सगळं उद्या सकाळच्या रिपोर्टवर सोडलेलं असतं. पहिलं म्हणजे थांबणं, दुसरं म्हणजे उशीर.

थांबण्याला भक्कम आधार आहे. २०१६ साली फ्रान्समधल्या ३१ अतिदक्षता विभागांतल्या ६२० रुग्णांवर ‘अकिकी’ अभ्यास झाला. लगेच डायलिसिस केलेल्या आणि थांबलेल्या गटांत ६० दिवसांतले मृत्यू जवळपास सारखेच निघाले. थांबलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्णांना तर मशीन लागलंच नाही. २०२० च्या ‘स्टार्ट-एकेआय’मध्येही, १५ देशांतल्या सुमारे तीन हजार रुग्णांत, मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. उलट घाई केलेल्या गटातल्या वाचलेल्यांपैकी १०.४ टक्के ९० दिवसांनीही डायलिसिसवर होते, दुसऱ्या गटात ६ टक्के. डायलिसिस चालू असताना बीपी पडलं की सावरू लागलेल्या किडनीला पुन्हा रक्त कमी पडतं, हे त्याचं एक संभाव्य कारण. त्यामुळे फक्त क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) ६ झालं म्हणून मानेत डायलिसिसचा कॅथेटर (नळी) घालणं आम्हाला पटत नाही.

थांबण्यालाही हद्द आहे. ‘अकिकी २’मध्ये (२०२१) बीयूएन (रक्तातल्या युरियातला नायट्रोजन) ११२ ऐवजी १४० पर्यंत जाईतो वाट पाहिली, फायदा काहीच झाला नाही, उलट इतर घटक जमेस धरून केलेल्या विश्लेषणात मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. इथे एक नेहमीची गफलत होते. बीयूएन आणि युरिया हे वेगळे आकडे आहेत: बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. बीयूएन ११२ म्हणजे युरिया साधारण २४०. रिपोर्टवर नेमकं काय छापलंय ते आधी वाचा.

फुफ्फुसात पाणी भरलंय आणि लघवीच्या औषधाला दाद नाही, औषधं देऊनही पोटॅशियम ५.५ च्या वर राहतंय, रक्त फार आम्ल होऊन त्याचा पीएच ७.१५ च्या खाली गेलाय, किंवा युरियामुळे झटके येताहेत, हृदयाच्या आवरणाला सूज आलीय: अशा वेळी वाट पाहायची नाही. मिथेनॉलची (विषारी दारूतल्या अल्कोहोलची) गंभीर विषबाधा असेल तर लघवी चांगली होत असली तरी नाही.

सर्वात फसवं पोटॅशियम. ते ६.८ आहे, ईसीजीत टी लहरी उंच टोकदार झाल्यात, म्हणजे हृदयाला धोका आहे. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, ५ ते १० मिनिटांत सावकाश दिलं. त्याने हृदय सांभाळलं जातं, तेही ३० ते ६० मिनिटंच. पोटॅशियम जराही उतरत नाही. २५ ग्रॅम ग्लुकोजसोबत १० युनिट इन्सुलिन दिल्यावर पोटॅशियम पेशींत शिरतं आणि दोन तासांनी रिपोर्ट येतो ५.६. सगळे निश्चिंत होतात. लघवी होत नसेल तर हेच पोटॅशियम चार-सहा तासांत रक्तात परत येतं, आणि तोवर रात्रीचे दोन वाजलेले असतात. थांबण्याचा उशीर होतो तो इथेच. दर दोन तासांनी पोटॅशियम आणि, इन्सुलिनने साखर फार उतरू शकते म्हणून, दर तासाला साखर तपासत राहा.

लघवी सुरू होईल का, याचा अंदाज फ्युरोसेमाइड या लघवीच्या औषधावर घेता येतो. शरीरात पाणी कमी नसेल तरच किलोमागे १ मिग्रॅ द्या, आधी हे औषध चालू असेल तर १.५. दोन तासांत २०० मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर किडनीची इजा वाढत जाण्याची शक्यता बरीच असते. मशीन दुसऱ्या रुग्णालयात असेल तर अशा रुग्णाला हद्द गाठण्याआधीच, दिवसाउजेडी हलवा. प्रवास, कॅथेटर आणि मशीनची तयारी यांतच कित्येक तास जातात.