नानजुंग इल्गी

कोरियाचा नौसेनानी यी सुन-शिन (१५४५–९८) याने जपानी आक्रमणाच्या काळात लिहिलेली रोजनिशी. मोडीसारख्या धावत्या चिनी अक्षरांत लिहिलेल्या हिच्या नोंदी १५९२ च्या चांद्र नववर्षदिनी सुरू होतात. आईपासून दूर सण काढावा लागल्याची खंत पहिल्याच दिवशी आहे. ‘नानजुंग इल्गी’ (युद्धकाळातील रोजनिशी) हे नाव मात्र लेखकाचे नाही. १७९५ मध्ये राजाज्ञेने त्याचे समग्र लेखन छापताना संपादकांनी ते दिले.

रणवर्णनासाठी ही वही उघडणाऱ्याची थोडी निराशाच होते. हानसान बेटाजवळचा १५९२ चा प्रसिद्ध विजय हिच्यात नाही. त्यासाठी त्याने दरबाराला धाडलेले अहवाल पाहावे लागतात. इथे भेटते ती छावणी. हवामान, तिरंदाजीचा सराव, मद्याच्या बैठका, पळपुट्यांना दिलेला देहदंड, साथीचे आजार, स्वतःची पोटदुखी आणि रात्रीचा घाम. आजारी पत्नीसाठी तो कौल लावतो. कासव-जहाजावरील (कासवाच्या पाठीसारखे छत असलेल्या युद्धनौकेवरील) तोफांच्या चाचणीची नोंद तर जपानी सैन्य बुसान बंदरात उतरण्याच्या आदल्याच दिवसाची आहे. सहसेनानी वोन ग्युनविषयीचा राग पानोपानी दिसतो. ही बाजू एकतर्फी आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

१५९७ चा भाग सर्वांत हेलावणारा. दरबाराने सेनापतिपद काढून घेऊन त्याला कैद केले होते. त्या कैदेतून सुटून साधा शिपाई म्हणून रुजू व्हायला निघाला असतानाच, त्याला भेटायला येणारी आई वाटेत जहाजावर वारल्याचे त्याला कळले. पुढे सेनापतिपद परत मिळाले आणि म्योंगन्यांगच्या सामुद्रधुनीत त्याने १३ जहाजांनिशी १३३ शत्रुजहाजांना तोंड दिले. मागे रेंगाळणाऱ्या आपल्याच कप्तानांवर तो कसा ओरडला, हेही त्याने लिहून ठेवले आहे. महिन्याभराने धाकटा मुलगा म्योन मारला गेल्याचे पत्र आले. छावणीत मोकळेपणी रडता येईना, म्हणून तो एका मिठागऱ्याच्या घरी गेला. या वर्षाच्या दोन वह्या आहेत. काही महिन्यांच्या नोंदी त्याने पुन्हा लिहून काढल्या होत्या.

शेवटची नोंद १५९८ च्या अकराव्या चांद्र महिन्याच्या सतराव्या दिवसाची. दोन दिवसांनी नोर्यांगच्या लढाईत तो पडला.

मूळ सात वह्या आसान येथील ह्योनचुंगसा स्मारकात आहेत. १५९५ ची मूळ वही हरवली असून ते वर्ष मुख्यतः छापील प्रतीवरून कळते. डिसेंबर १९६७ मध्ये हस्तलिखिते चोरीला गेली आणि पुढच्याच महिन्यात सापडली. २०१३ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक स्मृतिवारशात समावेश केला.