वंशावळीत ज्यांचे नाव सापडले नाही

इ.स.पू. 538 च्या सुमारास पारसाचा (इराणचा) राजा कोरेश याने बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्या यहुद्यांना यरुशलेमेला परत जायची मोकळीक दिली. कोण कोण परतले याची यादी बायबलमध्ये एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे : एकूण 42,360 माणसे, दासदासी वेगळ्या, घोडे-उंट-गाढवेही मोजलेली. ही यादी शेवटाकडे अडखळते. 652 जणांना आपण मुळात इस्राएल आहोत हेच दाखवता आले नाही. याजकांची तीन घराणीही अडकली : हबाया, हक्कोस आणि बर्जिल्लय. त्यांनी आपल्या नोंदी शोधल्या, पण त्या मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांना याजकपणातून दूर केले गेले. उरीम आणि थुम्मीम, म्हणजे देवाचा कौल घेण्याची साधने, घेऊन याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्नाला हात लावायचा नाही, असे अधिपतीने बजावले. बर्जिल्लय घराण्याचा घोळ कसा झाला तेही लिहून ठेवले आहे. त्यांच्या मूळ पुरुषाने गिलादातल्या बर्जिल्लयाची मुलगी केली आणि पुढे सासऱ्याचेच नाव लावले. ते नाव वंशजांना असे भोवले.

हक्कोसचे पुढे बरे झालेले दिसते. मरेमोथ नावाचा त्या घराण्यातला एक जण नहेम्याच्या काळात यरुशलेमेचा कोट बांधताना दिसतो, आणि एज्राच्या आठव्या अध्यायात मंदिराचे सोने-चांदी ज्या याजकाच्या हाती तोलून दिले त्याचेही नाव मरेमोथच आहे. माणूस एकच असेल तर मधल्या काळात त्या घराण्याला परत घेतले असणार.

बायबलमधल्या वंशावळी वाचायला बसताना हा प्रसंग आधी डोळ्यांसमोर ठेवावा असे मला वाटते. त्या भक्तीसाठी लिहिल्याच गेल्या नव्हत्या, ते हक्काचे कागद होते. जमीन वंशा-वंशात आणि कुळा-कुळात वाटलेली, याजकपण अहरोनाच्या घराण्याकडे, गादी दावीदाच्या. तुम्ही कोणाचे कोण हे सांगता आले नाही तर पायाखालची जमीनही तुमची नव्हती. गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहून विचारतात की मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचे नाव कुळातून का पुसले जावे. देव त्यांच्या बाजूने निकाल देतो. नाव आणि जमीन त्या काळी एकाच दाव्यात येत.

यांत आध्यात्मिक अर्थ शोधायची एक लोकप्रिय रीत म्हणजे नावांचे अर्थ काढून त्यांची माळ ओवायची. आदामापासून नोहापर्यंतच्या दहा नावांतून अख्खे शुभवर्तमान वाचून दाखवणारी प्रवचने बऱ्याच जणांनी ऐकली असतील. त्यातले काही अर्थ इतके ताणलेले असतात की हिब्रू जाणणाऱ्याला ओळखू येऊ नयेत. मला त्यापेक्षा यादी जिथे मोडते, जिथे सूर बिघडतो, ती जागा मोलाची वाटते.

उत्पत्तीचा पाचवा अध्याय घ्या. अमुक इतकी वर्षे जगला, त्याला अमुक मुलगा झाला, आणि तो मरण पावला. हेच पुन्हा पुन्हा. मथुशलहाची 969 वर्षे सगळ्यांना माहीत असतात, पण तोही शेवटी मरण पावतो. फक्त हनोखापाशी पालुपद बदलते : तो देवाबरोबर चालला आणि नाहीसा झाला. मेसोपोटेमियातल्या सुमेरी राजयादीत जलप्रलयाआधीचा पहिला राजा अलुलिम 28,800 वर्षे राज्य करतो. उत्पत्तीच्या यादीत राजा एकही नाही आणि हजारी कोणीच गाठत नाही. पुढे दहाव्या अध्यायात जगातली सगळी राष्ट्रे नोहाच्या तीन मुलांपासून निघालेली दाखवली आहेत. परंपरा ती सत्तर मोजते, आणि इस्राएल अजून त्यात नाही.

मराठीत हा साचा अनोळखी नव्हता. पुराणाच्या पाच लक्षणांत वंश आणि वंशानुचरित ही दोन येतातच. गोव्यात राशोल इथे 1616 मध्ये छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांमध्ये आहे, आणि त्याचे पहिले पुराण जुन्या करारावर बेतलेले आहे. सृष्टी, मग वंश, मग त्या वंशात जन्मणारा तारणारा, हा क्रम श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेलाच होता.

बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचे सुरुवातीचे नऊ अध्याय वंशावळींनी भरलेले आहेत. मंदिर जळाले, राज्य बुडाले, बंदिवास भोगून झाला, त्यानंतर कोणीतरी बसून आदाम, शेथ, अनोश अशी सुरुवात करून सगळे पुन्हा मांडले. बहुतेक वाचक ही पाने उलटतात, आणि मग शेशान हातून निसटतो. शेशानला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्याचा यरहा नावाचा मिसरी (इजिप्तचा) दास होता, त्याला त्याने मुलगी दिली. त्या जोडप्यापासून पुढे तेरा पिढ्यांची नावे यहूदाच्या वंशात सरळ लिहिली आहेत. यरहाच्या मिसरी असण्यावर ग्रंथकार काहीच टिप्पणी करत नाही.

एज्राच्या शेवटच्या अध्यायात परक्या बायका घालवून देणाऱ्या पुरुषांची यादी आहे. बायकांची नावे त्यात नाहीत. रूथचे पुस्तक याच कठोरपणाला उत्तर म्हणून लिहिले गेले असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्याच्या काळाविषयी एकमत नाही, पण त्याचा शेवट पाहण्यासारखा आहे. बायबलमधले ‘अनुवाद’ हे नियमांचे पुस्तक सांगते की मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशाच्या, माणसाने दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. रूथच्या शेवटी पेरेसपासून दावीदापर्यंत बरोबर दहा नावे येतात, आणि मवाबी रूथ ही त्या दहाव्या पुरुषाच्या आजोबांची आई.

येशूचे चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाने हे पक्के ध्यानात ठेवलेले दिसते. कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी 17 डिसेंबरला त्याच्या पहिल्या अध्यायातल्या सतरा ओळी वाचतात. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट, असे तो म्हणतो. दावीद हे नाव हिब्रूत लिहिले की अक्षरांची बेरीज चौदा होते, म्हणून हा आकडा निवडला असावा. तो साधण्यासाठी त्याने अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे गाळले, आणि तरी शेवटच्या गटातली नावे मोजली तर तेराच भरतात. हिशेब जुळवायचा म्हणून शतकानुशतके लोकांनी फार कष्ट घेतले आहेत. मला त्यात रस कमी. त्याने काय गाळले यापेक्षा काय गाळले नाही, हे जास्त बोलते.

सारा, रिबका, लेआ या मानाच्या आया त्याने घेतल्या नाहीत. घेतली ती तामार, जिने वेश्येचे सोंग घेऊन सासऱ्याकडून आपला हक्क मिळवला. यरीहोची राहाब घेतली, रूथ घेतली. चौथीचे तर नावही न घेता ‘उरियाची बायको’ म्हटले, म्हणजे दावीदाने जो हित्ती नवरा मारवला त्याचेच नाव राजघराण्याच्या यादीत कायमचे बसले. यखन्याही आहे. यिर्मया संदेष्ट्याने या राजाविषयी बजावले होते, हा मनुष्य निःसंतान असे लिहा. बाबेलमध्ये सापडलेल्या शिधावाटपाच्या मातीच्या पाट्यांवर मात्र यहूदाचा राजा यखन्या आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. शेवटी योसेफापाशी साखळी तुटते : तो फक्त मरीयेचा नवरा, मूल तिच्यापासून. चाळीसेक नावे ज्या बापापर्यंत आणली, त्याच्यापाशी पोचल्यावर ग्रंथकार रक्ताचा दावा सोडून देतो. पुढे दोनच अध्यायांनी बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना सुनावतो की अब्राहाम आमचा बाप आहे या घमेंडीत राहू नका, देव या दगडांतूनही अब्राहामाला मुले उभी करील.

येशूचा दुसरा चरित्रकार लूक उलटा चालतो. येशूपासून मागे, दावीदापाशी शलमोनाऐवजी नाथानाच्या शाखेने, थेट आदामापर्यंत, आणि आदाम देवाचा. दोन्ही याद्यांत योसेफाचा बापही वेगळा : एकीकडे याकोब, दुसरीकडे हेली. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानसने याचा उलगडा असा केला की या दोघा सावत्र भावांपैकी एक निपुत्रिक मेला, दुसऱ्याने त्याच्या विधवेशी नियमाप्रमाणे लग्न केले, म्हणून एक बाप रक्ताचा आणि एक कायद्याचा. लूकची यादी मरीयेची आहे हे स्पष्टीकरण आज जास्त ऐकू येते. ते मुख्यतः पंधराव्या शतकाच्या अखेरीस पसरले, आणि लूकच्या वाक्यात त्याला आधार कमीच.

नोंदींचे महत्त्व पहिल्या शतकातही ओसरले नव्हते. योसेफस हा यहुदी इतिहासकार आपली वंशावळ सार्वजनिक दप्तरात आहे असे अभिमानाने सांगतो. मिसर किंवा बाबेलमध्ये राहणारे याजकसुद्धा लग्न ठरले की वधूच्या वाडवडिलांची नावे यरुशलेमेला कळवत, असेही तो लिहितो. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर जाळले. ख्रिस्ती मंडळीत तोवर वारा फिरला होता. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अंतहीन वंशावळींच्या नादी लागू नका अशी ताकीद आहे, आणि दुसऱ्या पत्रात त्याच तीमथ्याला सांगितले आहे की तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता. बाप ग्रीक होता. घराण्याकडून काय आले हे सांगताना पत्रलेखक दोन बायकांवर थांबतो.

हे आठवायचे कारण, ‘पिढीजात शाप’ मोडण्याच्या प्रार्थना अलीकडे आपल्याकडच्या सभांतून जोरात चालतात. आधार निर्गमाचा दिला जातो, बापांच्या अन्यायाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय वाचायचा राहून जातो. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात यापुढे चालणार नाही, असे तिथे देवाच्या तोंडी आहे.

मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात सिस्टीन चॅपेलचे छत रंगवताना खिडक्यांवरच्या कमानींत मत्तयाच्या यादीतले हे पूर्वज रंगवले. राजे होते, पण मुकुट-सिंहासन जवळजवळ कुठेच नाही. थकलेल्या आया, पेंगणारे बाप, कडेवरची पोरे. छताकडे माना वर करणारे पर्यटक आदामाचे बोट पाहतात आणि या कुटुंबांपाशी थांबत नाहीत.

यहुदी परंपरेलाही वंशाबाहेरून आलेल्यांचा हा प्रश्न चुकला नाही. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या धर्मांतरिताने यहुदी धर्मपंडित मायमोनिडीसला पत्र लिहून विचारले, प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असे मी म्हणू शकतो का? उत्तर आले : म्हण, काही बदलू नकोस, अब्राहाम तुझाही बाप आहे.

आठशे वर्षांनी तोच प्रश्न कोकणातून गेलेल्या माणसांपुढे आला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा. धर्मग्रंथ आणि वंशाच्या नोंदी समुद्रात गेल्या. उरले ते शनिवारी घाणा बंद ठेवणे, त्यावरून पडलेले ‘शनिवार तेली’ हे नाव, सुंता, देव एकच आहे असे सांगणारी शमाची प्रार्थना, आणि रोहेकर, पेणकर, चेऊलकर अशी गावांवरून आलेली आडनावे. 1948 नंतर यांतले हजारो लोक इस्रायलला गेले. 1962 मध्ये तिथल्या मुख्य रब्बी (धर्मगुरू) मंडळाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या : बेने इस्रायल वधू किंवा वर असेल तर आई, आजी आणि शक्य तितके मागे जाऊन चौकशी करा. कागद मागितला तो नेमका त्यांच्याकडे नव्हता. 1964 च्या उन्हाळ्यात मराठी बोलणारी ही कुटुंबे यरुशलेमेत रस्त्यावर उतरून धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, आणि त्यानंतर रब्बी मंडळाने सूचनांमधून त्यांचे नाव काढले.