द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर : 'डबल क्लच' आणि फोर व्हीलची पार्श्वभूमी

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की नाशिकच्या निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात छोट्या ट्रॅक्टरची चौकशी सुरू होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो : टू व्हील (ताकद फक्त मागच्या चाकांना) घ्यायचा की फोर व्हील (चारही चाकांना)? क्लच कोणता, हे सहसा बुकिंग झाल्यावर विचारलं जातं. हा क्रम उलटा कसा पडला, हे कळायचं तर ट्रॅक्टरच्या आधी त्याच्या मागे जोडलेल्या ब्लोअरकडे, म्हणजे पंख्याच्या जोरावर औषध फवारणाऱ्या यंत्राकडे, पाहावं लागतं.

हा ट्रॅक्टर मुळात द्राक्षासाठी घडलेला नाही. जपानच्या लहान, चिखलाच्या भातखाचरांत चालावा म्हणून तो अरुंद आणि हलका झाला, आणि पुढच्या चाकांना ताकद देण्याची गरजही तिथल्या चिखलानेच दाखवली. आपल्याकडे बंगळूरच्या एका कंपनीने जपानी तंत्रावरचा १८.५ एचपीचा ट्रॅक्टर आणला. तोवर बागेत औषध मारायचं म्हणजे एचटीपी (जास्त दाबाचा) पंप, लांब नळी, एक माणूस गनवर आणि दुसरा नळी ओढायला. नऊ फुटांच्या ओळीत, मांडवाच्या तारांखालून सहज जाणारं यंत्र मिळालं आणि त्याच्या मागे ब्लोअर आला.

त्यानंतरचा काळ निर्यातीने घडवला. २००३-०४ पासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांवर कीडनाशकांच्या अंशांची तपासणी लागू झाली. २०१० मध्ये वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशांवरून तिथे माल अडकला, तेव्हा किती औषध मारलं आणि ते कुठे पडलं याला एकदम किंमत आली. नेमकी फवारणी हवी असेल तर ब्लोअरचा पंखा एका लयीत फिरायला हवा. त्याला फिरवतो पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणारा ट्रॅक्टरचा दांडा, आणि पीटीओ चालू राहणार की थांबणार हे क्लच ठरवतो.

इथेच 'डबल क्लच' या शब्दाने घोळ घातला आहे. जुन्या ट्रकच्या ड्रायव्हरला विचाराल तर डबल क्लच म्हणजे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबण्याची पद्धत. ट्रॅक्टरमध्ये तो अर्थ नाही. साध्या सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकं आणि पीटीओ दोन्ही थांबतात. डबल क्लचमध्येही पेडल एकच, पण त्याचे दोन टप्पे : अर्धं दाबलं की चाकं थांबतात आणि पीटीओ चालू राहतो, पूर्ण दाबलं की पीटीओही थांबतो. तिसरा प्रकार इंडिपेंडंट पीटीओचा. त्यात पीटीओला स्वतःचा क्लच आणि वेगळा लिव्हर असतो, पायातल्या पेडलशी त्याचा संबंधच नाही. कॅनडातल्या एका ट्रॅक्टरने १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही सोय बाजारात आणली, म्हणजे गोष्ट काही नवी नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात मात्र या दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही प्रकारांना सरसकट डबल क्लच म्हणतात, आणि कधीकधी साध्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरलाही तेच नाव चिकटवलेलं मी पाहिलं आहे.

फरक ओळीच्या टोकाला कळतो. सकाळची वेळ, पानांवर दव, वेल पोंग्यातून (डोळे फुटण्याच्या अवस्थेतून) पुढे सरकलेली, डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती. सिंगल क्लचचा ट्रॅक्टर टोकाला येतो, वळण एका दमात बसत नाही, मागे घ्यायला क्लच दाबावा लागतो. त्यासरशी पंख्याचा आवाज खाली बसतो. धुक्यासारखा उडणारा फवारा जाड थेंबांचा होतो आणि पानांच्या खालच्या बाजूला न पोचता जमिनीवर टपकतो. क्लच सोडल्यावर पंखा पुन्हा लय धरेपर्यंत पुढच्या ओळीची सुरुवातीची झाडं अर्धवट राहतात. दुसरा धोका त्याहून वाईट. जुन्या घडणीत, मधे ओव्हररनिंग कपलर (जोर एकाच दिशेने जाऊ देणारा जोड) नसेल, तर फिरत्या पंख्याचा जोर उलटा गिअरबॉक्सकडे येतो आणि क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. समोर मांडवाची ताण तार असते.

हिशोब करून पाहा. नऊ फुटांच्या ओळीत एकराला सुमारे ४,८४० फूट चाल होते. ओळ २०० फुटांची धरली तर एकरी २४ वळणं. पाच एकराच्या बागेत एका फवारणीला १२० वेळा हा प्रसंग, आणि पावसाळी हवेत फवारणी दिवसाआड. म्हणून फोर व्हीलच्या आधी क्लच विचारा, असं मी आग्रहाने म्हणतो.

फोर व्हीलची गरज खोटी नाही. निफाडच्या काळ्या जमिनीत छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की टू व्हील जागच्या जागी फिरतं. सहाशे लिटरची टाकी मागे उचलली म्हणजे पाण्याचंच सहाशे किलो, पुढची चाकं हलकी होतात. तिथे पुढच्या एक्सलचं वजन आणि ओढ दोन्ही कामाला येतात. पण मुरमाड, निचऱ्याच्या बागेत त्याच पैशांत इंडिपेंडंट पीटीओ मिळत असेल तर मी तोच घेईन. शिवाय फोर व्हीलला पुढच्या-मागच्या टायरचं गुणोत्तर ठरलेलं असतं. ओळ अरुंद म्हणून मागचे टायर बदलले आणि ते गुणोत्तर बिघडलं, तर टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. डांबरी रस्त्यावर फोर व्हील चालू ठेवलं तरी तेच होतं.

गिअरबॉक्सचा प्रवास त्या मानाने सरळ आहे, गिअर बदलणं सोपं होत गेलं. स्लायडिंग मेशनंतर कॉन्स्टंट मेश आलं, मग सिंक्रोमेश, आणि आता पुढे-मागे एकाच लिव्हरने नेणारं शटल. पायाने वेग कमीजास्त करायचं हायड्रोस्टॅटिक अमेरिकेत छोट्या ट्रॅक्टरवर सर्रास दिसतं, कारण तिथे त्यावर गवत कापतात आणि लोडर चालवतात. आपल्याकडे ते रुजलं नाही. किंमत जास्त, तेलात काही ताकद वाया जाते, आणि वीस एचपीच्या इंजिनवर ब्लोअर ओढताना तेवढीही सोडवत नाही.

२००८ मध्ये एक मोठी जपानी कंपनी भारतात उतरली आणि छोटा फोर व्हील ट्रॅक्टर बागायतदारांच्या नजरेत भरला. १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाऊनमध्ये एका भारतीय कंपनीने जपानी सहकाऱ्यांसोबत घडवलेली मालिका दाखवली, तिच्यात सगळेच ट्रॅक्टर फोर व्हील. केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेतही टू व्हील आणि फोर व्हीलसाठी अनुदानाच्या मर्यादा वेगळ्या, आणि एचपी मोजायचे ते पीटीओवरचे. शेतकरी बोलतो इंजिनचे एचपी, त्यामुळे अर्ज भरताना गोंधळ होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हाही बाजारात चर्चा झाली ती वाचलेल्या पैशांत फोर व्हील बसतो का याचीच. क्लचसाठी, किंवा पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असताना कोणत्या गिअरला ताशी किती किलोमीटर चाल मिळते यासाठी, अनुदानाच्या अर्जात रकाना नाही. दिंडोरीकडचे काही बागायतदार आता डेमोला स्वतःचा ब्लोअर पाणी भरून घेऊन जातात आणि ओळीच्या टोकाला उभे राहून पंख्याचा आवाज ऐकतात.