पडत्या लॅपटॉपची डिस्क आणि लिनक्स: पार्श्वभूमी

नागपुरात बर्डीवर जुन्या लॅपटॉपच्या दुकानांत थिंकपॅड नावाचे लॅपटॉप अजूनही मिळतात. टी४००, एक्स२००, टी४२० या पिढीतले, कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले. त्यातल्या काहींत अजून फिरणारी हार्ड डिस्क असते. घेणारा बहुतेकदा हिंगणा रोडवरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी. तो घरी नेल्यावर सगळ्यात आधी विंडोजच्या जागी लिनक्स टाकतो आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन पाठीवर घेऊन गाडीवरून ये-जा सुरू करतो. आत धक्का ओळखणारा सेन्सर आहे एवढं त्याने वाचलेलं असतं. लिनक्सवर तो सेन्सर आपणहून डिस्क वाचवत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. असं का, याचं उत्तर २००५ ते २००८ या काळात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १९८०च्या दशकातल्या पीसीत मशीन हलवण्यापूर्वी डॉस या जुन्या प्रणालीवर पार्कची आज्ञा देऊन हेड, म्हणजे फिरत्या तबकडीलगत राहून वाचणारी-लिहिणारी टोकं, सुरक्षित जागी न्यावे लागत. पुढे वीज गेली की हेड आपोआप मागे घेणाऱ्या डिस्क आल्या आणि ती आज्ञा विस्मरणात गेली. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये हेड तबकडीच्या बाहेर, एका छोट्या उतरंडीवर चढवून ठेवायची सोय आली. पण ती उपयोगी पडायची ती काम थांबल्यावर. चालू डिस्क पडली तर काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

२००३ मध्ये थिंकपॅडच्या काही मॉडेलमध्ये मदरबोर्डवर त्वरणमापक, म्हणजे हालचाल मोजणारा सेन्सर, बसवून आला. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून पडणारी वस्तू जमिनीवर पोचायला सुमारे ०.३९ सेकंद लागतात. हेड उतरंडीवर न्यायला डिस्कला लागणारा वेळ जवळपास तितकाच. म्हणजे पडायला सुरुवात झाल्यावर जागं होऊन भागत नाही. मशीन कलतंय, हादरतंय, घसरतंय, हे आधीच ओळखावं लागतं. म्हणून थिंकपॅडच्या पद्धतीत सेन्सर नुसता आकडे देतो आणि धोका आहे की नाही हे सॉफ्टवेअर ठरवतं. विंडोजवर ते सॉफ्टवेअर मशीनसोबतच येत होतं. लिनक्ससाठी ना सॉफ्टवेअर होतं ना कागदपत्रं.

२००५ मध्ये एका संशोधकाने सेन्सरचे आकडे कुठून आणि कसे वाचायचे याचं टिपण जाहीर केलं. ते टिपण आणि भरपूर चाचपडणं यांतून ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलणारा कोड, तयार झाला. ड्रायव्हरच्या सोर्सच्या सुरुवातीच्या टीपेतच हे कबूल केलेलं आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या २.६.१४ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तो 'एचडीएपीएस' या नावाने सामील झाला. मॉडेलनुसार सेन्सर बसवण्याची दिशा वेगळी असल्याने अक्ष उलटे करण्याची सोयही त्यात होती.

पण ड्रायव्हर फक्त वाचत होता. मशीन तिरकं झालंय हे कळायचं, डिस्कला ते सांगायची वाट नव्हती. त्या मधल्या काळात लोकांनी सेन्सरचं भलतंच केलं. लॅपटॉप कलवून चेंडू फिरवायचे खेळ खेळले, पडद्याच्या बाजूला चापट मारून डेस्कटॉप बदलायची स्क्रिप्ट लिहिली. आम्ही नागपुरातही हे कौतुकाने करून पाहत होतो. डिस्क वाचवण्याच्या यंत्रणेला चापटा मारायच्या, तेही डिस्क फिरत असताना!

खरी सोय कर्नलच्या बाहेरच्या पॅचमधून, म्हणजे कोडला लावायच्या ठिगळातून, यायची. डिस्ककडे जाणारी कामांची रांग काही काळ गोठवायची आणि डिस्कला हेड वर घेण्याचा हुकूम द्यायचा, एवढंच त्याचं काम. हा हुकूम डिस्कशी बोलण्याच्या एटीए-७ या मानकातच दिलेला आहे. हुकूम कधी द्यायचा हे एक छोटा डीमन, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, ठरवायचा, तोच एचडीएपीएसडी. सेन्सरचे आकडे सतत वाचायचे, ठरवलेल्या मर्यादेपलीकडे हादरा दिसला की रांग गोठवायची, साधारण सेकंदभर शांतता दिसली की सोडायची. टायपिंगच्या हादऱ्यानेही गोठू नये म्हणून कीबोर्ड चालू असताना मर्यादा आपोआप वाढवण्याचा पर्याय त्यात होता. यातली एक बारकाई मला फार आवडते. डीमन स्वतःला मेमरीत कुलूप लावून बसतो. त्याचाच एखादा तुकडा स्वॅपमध्ये म्हणजे डिस्कवर गेला, आणि डिस्क त्यानेच गोठवलेली असली, तर ती सोडवणार कोण?

पॅच बाहेरचा असल्यामुळे दर नव्या कर्नलला स्वतः कंपाइल करणं आलं. सोर्सची गाठोडी चाळीस-पन्नास एमबीची. घरच्या ब्रॉडबँडवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजला जात नसे, त्यामुळे गजर लावून ती उतरवायची आणि सकाळी मशीन कंपाइलला लावून कॉलेजला जायचं. एवढा खटाटोप करणारे शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बाकीचे चापटा मारून खूश होते.

याच सुमारास, २००६ मध्ये, जो निर्णय झाला त्यावर माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं पुढचं वळण ठरलं.

कर्नलमधल्या ड्रायव्हरमध्ये एक मूलभूत अडचण होती. थिंकपॅडमध्ये एक लहान नियंत्रक चिप असते. बॅटरीची सविस्तर माहिती आणि सेन्सरचे आकडे हे दोन्ही त्या चिपच्या त्याच पोर्टांवरून मिळतात. एकाच खिडकीवर दोघांनी एकदम हात घालावा तसं व्हायचं: बॅटरी विचारणारा आणि सेन्सर विचारणारा एकमेकांची उत्तरं बिघडवायचे. एका विकसकाने यावर नीट उपाय लिहिला. चिपशी बोलणारं एक सामायिक मॉड्यूल, त्याच्या आधाराने सुधारलेला एचडीएपीएस, आणि जोडीला बॅटरी किती टक्क्यांवर चार्ज व्हायला लागावी नि कुठे थांबावी हे ठरवणारं टीपी-स्मापी. चिपचं हार्डवेअर मॅन्युअल उपलब्ध होतं आणि कोडच्या टीपांत त्या चिपच्या प्रोटोकॉलचा स्पष्ट उल्लेख आहे. काम स्वच्छ होतं, हे विरोध करणाऱ्यांनीही फारसं नाकारलं नाही.

अडलं ते नावावर. विकसक टोपणनावाने लिहीत होता आणि खरं नाव सांगायला तयार नव्हता. कर्नलमध्ये प्रत्येक बदलाखाली देणाऱ्याची सही लागते, आणि ती सही म्हणजे 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' असं लिहून देणं. ही पद्धत २००४ मध्ये आली, त्यामागे २००३ चा एक मोठा खटला होता. लिनक्समध्ये आपला कोड चोरून घातला असा दावा एका कंपनीने ठोकला होता. गंमत म्हणजे तो दावा थेट त्या काळी थिंकपॅड बनवणाऱ्या कंपनीवरच होता. उद्या कोणी कोर्टात विचारलं की हा कोड आला कुठून, तर बोट दाखवायला खराखुरा माणूस हवा, ही कर्नल सांभाळणाऱ्यांची भूमिका. त्यात आणखी एक शंका मिसळलेली होती: या माणसाला चिपच्या आतलं इतकं ठाऊक कसं? कुठल्या गोपनीयतेच्या करारातली माहिती तर बाहेर आली नाही ना?

शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण ज्याला खोटंच करायचं आहे तो पटण्यासारखं एखादं नाव सहज लावू शकतो, आणि ते नाव खरं आहे की नाही हे कोणी तपासत नव्हतं. 'मी टोपणनाव वापरतो' हे प्रामाणिकपणे सांगणाराच तेवढा दाराबाहेर राहिला. सुधारलेला ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये गेला नाही. आत राहिला तो जुना.

त्याची किंमत वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षं मोजली. दोन्ही ड्रायव्हरांचं नाव एकच. बाहेरचा ड्रायव्हर कंपाइल करताना 'एचडीएपीएस=१' हा पर्याय द्यायला विसरलं तर सामायिक मॉड्यूल आणि कर्नलमधला जुना ड्रायव्हर एकमेकांच्या पायात येतात, आणि चूक शोधायला लॉग उलगडत बसावं लागतं. डेबियनसारख्या लिनक्सच्या वितरणांनी पुढे तयार पॅकेजं दिली आणि त्रास कमी झाला. तोवर बऱ्याच जणांनी नाद सोडला होता.

डिस्क गोठवण्याचा प्रश्न मात्र सुटला. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या २.६.२८ कर्नलने हेड वर घेण्याची सोय स्वतःकडे घेतली, बाहेरच्या पॅचची गरज संपली. आता प्रत्येक डिस्कच्या फोल्डरमध्ये 'अनलोड हेड्स' नावाची फाइल असते. तीत मिलिसेकंदांचा आकडा लिहिला की तेवढा वेळ हेड वर राहतात, कमाल ३० सेकंद. आपल्याला ही सोय आहे असं डिस्क सांगत नसेल तर फाइल वाचताना नकार येतो. तरीही जबरदस्तीने चालू करण्याचा पर्याय आहे, पण त्या डिस्कचं काय होईल ते ज्याचं त्याने पाहावं. यूएसबीच्या डब्यातली डिस्क या सोयीच्या बाहेर आहे.

इतर मशीनचं काम तुलनेने सरळ झालं. एचपीच्या लॅपटॉपमधला सेन्सर मोकळं पडणं स्वतः ओळखतो आणि इंटरप्ट, म्हणजे तातडीचा इशारा, देतो, त्यामुळे आकडे सतत वाचत बसावं लागत नाही. डेलसाठी आणि २०१४ मध्ये तोशिबासाठीही ड्रायव्हर आले. टोपणनावाचा गुंता थिंकपॅडच्याच वाट्याला आला.

एक वेगळा वाद यात उगाच मिसळला जातो. २००७ मध्ये उबुंटू हे लिनक्सचं वितरण वापरणाऱ्यांत गदारोळ झाला की लिनक्स डिस्क खातं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्टच्या १९३ क्रमांकाच्या नोंदीत हेड उचलण्याची संख्या भराभर वाढताना दिसत होती. अनेक डिस्क ६ लाख वेळांसाठी बनवलेल्या असतात. दर मिनिटाला एकदा हेड उचलले आणि मशीन सतत चालू ठेवलं तर तो आकडा चौदा महिन्यांत संपतो. याचा धक्का ओळखण्याशी संबंध नव्हता, तो डिस्कच्या वीजबचतीचा प्रकार होता. लोकांनी वीजबचतच बंद केली. हेड कायम तबकडीवर राहिले की डिस्क जरा जास्त तापते, आणि मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असताना दमट कुलरसमोर ठेवलेल्या लॅपटॉपला ते मानवणारं नव्हतं. एचडीएपीएसडीवरही तेव्हा फुकाचा ठपका बसला.

आज बर्डीवरून थिंकपॅड घेताना दुकानदार बहुधा एसएसडी घालूनच देतो. तिच्यात हेड नाहीत, त्यामुळे हा सगळा प्रपंच नको. फिरणारी डिस्क ठेवायची असेल तर टीपी-स्मापी आणि एचडीएपीएसडी ही दोन पॅकेजं टाकायची, आणि लोड झालेलं मॉड्यूल बाहेरचंच आहे ना ते पाहून घ्यायचं.

२०२३ मध्ये कर्नलच्या सहीच्या नियमातली शब्दरचना बदलली. खऱ्या नावाऐवजी 'ज्ञात ओळख' पुरते, निनावी योगदान तेवढं चालत नाही. वर्षानुवर्षं एकाच टोपणनावाने काम करणारा माणूस या शब्दांत बसू शकला असता. तोवर त्या ड्रायव्हरची गरज असलेली बहुतेक मशीनं भंगारात निघाली होती, आणि कोड अजूनही बाहेरच आहे.