कल्हई किती लावायची?

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरलं की मठारकामाचे ठोके अजून कानावर पडतात. पेशवाईपासून इथे बंब, घंगाळं, हंडे घडत आलेत. स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कल्हई हवीच, नाहीतर ताक कळकतं. तांब्याचा हाच हळवा स्वभाव प्रयोगशाळेतही छळतो. तिथलं ‘भांडं’ मात्र जेमतेम पाच-पन्नास अणूंचं, दोन नॅनोमीटरच्या आतलं. त्याला म्हणतात नॅनोक्लस्टर.

इतकं लहान कशाला? एक सेंटिमीटरच्या तांब्याच्या ठोकळ्यात कोटी अणूंमागे एखाद-दुसराच पृष्ठभागावर असतो. ५५ अणूंच्या गोलसर पुंजक्यात ४२ बाहेर असतात, १३ च्या पुंजक्यात १२. म्हणजे घरात एकटा, बाकी सगळे ओट्यावर! हे पुंजके उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेला वेग द्यायला, वापरतात; आणि ते काम चालतं ओट्यावरच.

करायची एक रीत अगदी साधी आहे. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या पाण्यात ग्लुटाथायोन, म्हणजे आपल्या पेशींतही असणारा एक गंधकयुक्त रेणू, आणि क जीवनसत्त्व घालायचं. निळा रंग जातो आणि अतिनील दिव्याखाली द्रावण लालसर उजळतं. ही हंड्याची लाली नव्हे. एवढ्याशा पुंजक्यात इलेक्ट्रॉनांना मोकळं हिंडता येत नाही, ठरावीक पायऱ्यांवरच राहावं लागतं. पायरी उतरताना ते प्रकाश सोडतात.

ग्लुटाथायोनमधलं गंधक तांब्याला धरून बसतं. ही त्याची कल्हई. ती नसेल तर पुंजके एकमेकांना चिकटून मोठे होतात, नाहीतर हवेत ऑक्साइड होतं. सोन्याचे पुंजके बरेच सोशिक. तांबं स्वस्त, पण नाजूक. आणि खरी पंचाईत पुढेच आहे. कल्हई गच्च बसली तर बाहेरचा रेणू तांब्यापर्यंत पोचणार कसा? मग आडदांड रेणूंची विरळ कल्हई लावून फटी ठेवतात, किंवा पुंजके कार्बनवर बसवून बेताने तापवतात, म्हणजे कल्हई उतरते. ताप जास्त झाला की पुंजक्यांचा गोळा.

पुंजका उत्प्रेरक म्हणून चालतो का, हे बघायला पिवळं नायट्रोफेनॉल हे रसायन सोडियम बोरोहायड्राइडबरोबर रंगहीन करून दाखवणं ही आवडती चाचणी. डोळ्यांना दिसते, म्हणून जो तो करतो. मला ती फार सोपी वाटते. खरी कसोटी कार्बन डायऑक्साइडची. विजेच्या जोरावर त्यापासून मिथेन आणि इथिलीन बनवणं तांब्याला जमतं, हे जपानमध्ये योशियो होरी यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. एवढ्या प्रमाणात ते दुसऱ्या कुठल्याही शुद्ध धातूला साधत नाही. पुंजक्यातली अणूंची मांडणी बदलली की हाती येणारा पदार्थही बदलू शकतो. पण वीज चालू असताना कल्हई सुटते, अणू जागा बदलतात. म्हणून प्रयोगानंतर आधी तपासावं लागतं, की काम केलं ते आपण घातलेल्या पुंजक्याने की त्याच्या मोडतोडीतून उरलेल्या तांब्याने.