कलोपचाराच्या वर्गात सामाजिक न्याय कुठून आला?

कलोपचाराच्या, म्हणजे चित्रकलेच्या मदतीनं मनावर उपचार करण्याच्या (‘आर्ट थेरपी’), अभ्यासक्रमात ‘सामाजिक न्याय’ दिसला की तो विषय अलीकडे चिकटवलाय असं वाटतं. माझ्या मते तो मुळातच तिथे होता, मध्यंतरी अडगळीत पडला.

‘आर्ट थेरपी’ हा शब्द रूढ केला ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी, १९४२ साली. क्षयरोगातून उठताना चित्रं काढण्याचा गुण त्यांना स्वतःला आला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या ज्यू चित्रकर्तीला नाझींनी तेरेझीनच्या छळछावणीत धाडलं. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकलेल्या फ्रीडलनं सोबतच्या मोजक्या सामानात रंग-कागद भरले होते. तिथल्या मुलांना ती चित्रकला शिकवू लागली. प्रत्येकानं चित्रावर आपलं नाव घालायचं, हा तिचा आग्रह. माणसाचा नुसता नंबर करून टाकणाऱ्या जागी ही साधी सही किती मोठी! ऑक्टोबर १९४४मध्ये ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेलं जाण्यापूर्वी तिनं सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवली. ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुलं मात्र वाचली नाहीत.

तिची शिष्या ईडिथ क्रेमर १९३८ सालीच न्यूयॉर्कला निसटली होती. पुढे विल्टविक शाळेत तिनं वंचित, बहुतांशी कृष्णवर्णीय मुलांसोबत काम केलं आणि त्यातूनच आपली पद्धत घडवली.

मग हा व्यवसाय झाला. फिलाडेल्फियात १९६७ साली पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं, १९६९ साली कलोपचारकांची अमेरिकी संघटना उभी राहिली. रुग्णालयात मान हवा तर निदानाची भाषा बोलावी लागते. त्या भाषेत दुखणं एकट्या माणसाच्या मनात असतं. घरभाडं, पोलीस, वर्ण या गोष्टी चौकटीबाहेर राहतात.

हे आतूनच बोलून दाखवणारे होते. कलोपचारक क्लिफ जोसेफ यांनी कृष्णवर्णीय कलावंतांच्या चळवळीत पुढाकार घेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगात १९७१ साली झालेल्या कैद्यांच्या उठावानंतर ते कैद्यांसाठीच्या कलावर्गांच्या कामात होते. ल्यूसिल व्हेंचर यांनी १९७७ साली डॉक्टरेटचा प्रबंधच कलोपचार आणि कृष्णवर्णीयांचे अनुभव यांवर लिहिला. पाठ्यपुस्तकांत ही नावं शिरायला पुढे बराच काळ गेला.

आता वर्गात विद्यार्थ्यांपुढे जुनाच प्रश्न उलटा होऊन येतो. गोपनीयतेसाठी रुग्णाच्या चित्रावरचं नाव झाकायचं हा नियम. पण काढणाऱ्यालाच ते दिसायला हवं असेल, तर?