कलम ८७ए, युटिलिटी आणि करसल्लागारांचे रोजचे प्रश्न : पार्श्वभूमी

जुलै उजाडला की करसल्लागार एकमेकांना जे प्रश्न विचारतात, ते वीस वर्षांपूर्वीच्या प्रश्नांपेक्षा फार वेगळे आहेत. पूर्वी एखादा खर्च वजावटीस पात्र आहे का, एखादी रक्कम भांडवली उत्पन्न ठरते की महसुली, अशा शंका असत आणि त्यांची उत्तरे अधिनियमात किंवा निकालांच्या खंडांत शोधली जात. आज विचारले जाते ते असे : २६एएसमध्ये, म्हणजे विभागाकडील करकपातीच्या विवरणात, करकपात दिसते पण उत्पन्न पुढील वर्षाचे आहे, तर श्रेय कोणत्या वर्षी घ्यावे, एआयएस या वार्षिक माहिती विवरणात तीच रक्कम दोनदा आली आहे, तर विवरणपत्रात काय दाखवावे, रिबेट, म्हणजे करातील सूट, देय आहे असे वाटते पण युटिलिटी, म्हणजे विवरणपत्र भरण्याचे विभागाचे सॉफ्टवेअर, तो घेत नाही, तर पुढे काय करावे. कायद्याचा अर्थ आणि यंत्रणेचे वर्तन यांतील अंतर हाच या प्रश्नांचा गाभा झाला आहे आणि ते अंतर कसे वाढत गेले हे समजल्याशिवाय रिबेट देणाऱ्या कलम ८७एचा अलीकडचा वाद नीट कळत नाही.

भारतात आयकर १८६० मध्ये आला, १९२२ च्या अधिनियमाने त्याला स्थिर चौकट दिली आणि १९६१ च्या अधिनियमाने तिची जागा घेतली. त्या अधिनियमाच्या कलम २८८ ने करदात्याच्या वतीने अधिकाऱ्यापुढे कोण उभे राहू शकतो हे ठरवले : नातेवाईक, कर्मचारी, वकील, लेखापाल आणि विहित पात्रता असलेले आयकर व्यवसायी. विवरणपत्र तयार करून देणारा माणूस मात्र दीर्घकाळ कायद्याच्या नजरेत स्वतंत्रपणे नव्हताच. २००६ मध्ये कलम १३९बी आले आणि पदवीधरांना प्रशिक्षण देऊन लहान करदात्यांची विवरणपत्रे भरण्यासाठी तयार करण्याची योजना त्याच वर्षी सुरू झाली. त्यात एका विवरणपत्रासाठी करदात्याकडून घ्यायच्या शुल्काला २५० रुपयांची मर्यादा होती. योजना चांगल्या हेतूने आली होती, पण ती व्यवसायाच्या मुख्य प्रवाहात कधी मिसळली नाही. सर्वसामान्य करदाता आपल्या नेहमीच्या सल्लागाराकडेच जात राहिला.

खरा बदल २००६-०७ च्या सुमारास झाला. कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक विवरणपत्र सक्तीचे झाले आणि २००७ मध्ये जोडपत्रांशिवायची नवी विवरणपत्रे अधिसूचित झाली. त्याआधी विवरणपत्रासोबत उत्पन्नाची संगणना, करकपातीची प्रमाणपत्रे, चलने, ताळेबंद असा संच जोडला जाई आणि एखाद्या मुद्द्यावर मतभेद संभवत असेल तर सल्लागार संगणनेखाली एक टीप लिहून आपली भूमिका मांडत असे. ती टीप अधिकाऱ्याला मान्य होवो वा न होवो, करदात्याने काही लपवले नाही याचा तो लेखी पुरावा असे. जोडपत्रे गेली आणि त्यांच्याबरोबर ही टीपही गेली. २००९ मध्ये बंगळुरू येथे केंद्रीकृत प्रक्रिया केंद्र सुरू झाले, तेव्हापासून विवरणपत्राची पहिली तपासणी करणारा माणूसही समोर राहिला नाही. वेग वाढला, परतावे लवकर मिळू लागले, हे निर्विवाद आहे. परंतु आपले म्हणणे मांडण्याची जागा रकान्यांपुरती उरली, याची किंमत त्या वेळी फारशी कोणी मोजली नाही.

याच काळात कलम १४३(१) खालील सूचनापत्र, ज्याला व्यवहारात सगळे इंटिमेशनच म्हणतात, रोजच्या कामाचा केंद्रबिंदू बनले. १९८९ पासून प्रथमदर्शनी दिसणाऱ्या फेरबदलांचा अधिकार विभागाला होता. १९९९ मध्ये तो काढून घेण्यात आला. २००८ मध्ये गणिती चुका आणि उघडपणे चुकीचे दावे एवढ्यापुरता तो परत आला. आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) २०१७-१८ पासून त्याची व्याप्ती वाढवून २६एएसमध्ये दिसणारे पण विवरणपत्रात नसलेले उत्पन्न थेट मिळवण्याची तरतूद झाली. तिचा त्रास इतका झाला की पुढच्याच आकारणी वर्षापासून ती लागू राहणार नाही असे कायद्यातच म्हणावे लागले.

हा त्रास एका नेहमीच्या उदाहरणातून स्पष्ट होतो. एखादी कंपनी ३१ मार्चला हिशेब बंद करताना ठेकेदाराच्या बिलाची तरतूद करते, त्यावर करकपात करते आणि ती २६एएसमध्ये त्याच वर्षी दिसू लागते. ठेकेदार मात्र बिल एप्रिलमध्ये देतो आणि उत्पन्नही पुढील वर्षी दाखवतो. नियम ३७बीए सांगतो की करकपातीचे श्रेय ज्या वर्षी उत्पन्न आकारणीयोग्य आहे त्या वर्षी मिळावे. म्हणजे करकपातीचे श्रेय पुढे ओढायचे आणि त्यासाठी विवरणपत्राच्या टीडीएस अनुसूचीत वेगळा रकानाही आहे. तो रकाना नीट भरला नाही तर श्रेय एका वर्षी नाकारले जाते आणि दुसऱ्या वर्षी मागताना जुळत नाही. या एका रकान्याबद्दल दरवर्षी विचारणा होते, आणि ती व्हायलाच हवी, कारण चूक कोणाचीही असली तरी परतावा अडकतो तो करदात्याचा.

करकपातीच्या श्रेयाचा प्रश्न २०१२ मध्ये न्यायालयापर्यंत गेला होता. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने एका सनदी लेखापालाच्या पत्राची स्वतःहून दखल घेतली आणि २०१३ मध्ये सविस्तर निर्देश दिले. कर कापणाऱ्याने विवरण भरताना केलेल्या चुकीचा भुर्दंड करदात्याला बसू नये, हा त्यांचा मथितार्थ होता. एका व्यावसायिकाच्या साध्या तक्रारीतून प्रशासनाला कामाची पद्धत बदलावी लागल्याचे ते ठळक उदाहरण आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, आले. बचत खात्याचे व्याज, लाभांश, समभागांची विक्री, स्थावर मालमत्तेचे व्यवहार असे बरेच काही त्यात एकत्र दिसू लागले. अशील विसरलेले व्याज त्यातून सापडते, हा मोठा लाभ आहे. मात्र संयुक्त नावावरील घराच्या व्यवहाराचे पूर्ण मूल्य दोन्ही मालकांच्या नावावर दिसणे किंवा एकच व्यवहार दोन स्रोतांकडून येऊन दुप्पट होणे, असे प्रकारही तितकेच परिचयाचे झाले. एआयएस हा माहितीचा संच आहे, उत्पन्नाचा निवाडा नव्हे. त्यावर अभिप्राय नोंदवून आपल्या कागदपत्रांप्रमाणे खरे उत्पन्न दाखवावे, असा सल्ला अनुभवी मंडळी देतात आणि तो योग्यच आहे.

या सगळ्या पार्श्वभूमीवर कलम ८७एचा वाद उभा राहिला. हे कलम २०१३ च्या वित्त अधिनियमाने आणले. पाच लाखांपर्यंत एकूण उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला २,००० रुपयांपर्यंत रिबेट, एवढेच त्याचे मूळ रूप होते. रक्कम पुढे ५,००० झाली, मग साडेतीन लाखांच्या मर्यादेसह २,५०० वर आली आणि आकारणी वर्ष २०२०-२१ पासून पुन्हा पाच लाखांच्या मर्यादेसह १२,५०० झाली. २०२३ च्या वित्त अधिनियमाने कलम ११५बीएसी(१ए) खालील नवी करप्रणाली वेगळा पर्याय न निवडल्यास आपोआप लागू होणारी प्रणाली ठरवली आणि तिच्यातील करदात्यांसाठी कलम ८७एला परंतुक, म्हणजे अटीचे पुरवणी वाक्य, जोडले : एकूण उत्पन्न सात लाखांपर्यंत असेल तर २५,००० रुपयांपर्यंत रिबेट.

आकारणी वर्ष २०२४-२५ ची विवरणपत्रे भरणे सुरू झाले तेव्हा युटिलिटी हा रिबेट अल्पकालीन भांडवली नफ्यावरील करालाही देत होती. ५ जुलै २०२४ रोजी युटिलिटी बदलली आणि विशेष दराने आकारल्या जाणाऱ्या (जसे हा भांडवली नफा) उत्पन्नावरील कराला रिबेट मिळणे बंद झाले. अधिनियमात एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता.

याचा अर्थ आकड्यांत पाहावा. एका निवासी व्यक्तीचे पगार व व्याजाचे करपात्र उत्पन्न ४,५०,००० रुपये आहे आणि सूचीबद्ध समभागांच्या विक्रीतून कलम १११ए खालील अल्पकालीन नफा १,००,००० रुपये आहे. एकूण उत्पन्न ५,५०,०००, म्हणजे सात लाखांच्या आतच. नव्या प्रणालीत पहिल्या रकमेवर ७,५०० रुपये कर येतो, नफ्यावर त्या वर्षीच्या १५ टक्के दराने १५,००० रुपये. एकूण २२,५०० रुपये. जूनमध्ये विवरणपत्र भरणाऱ्याला हा सारा कर रिबेटमध्ये गेलेला दिसला आणि देय कर शून्य आला. त्याच आकड्यांचे विवरणपत्र ५ जुलैनंतर भरणाऱ्याला रिबेट ७,५०० रुपयांपुरताच मिळाला आणि उपकरासह १५,६०० रुपये भरावे लागले. एकाच कायद्याखाली, एकाच वर्षासाठी, सारख्याच उत्पन्नावर दोन वेगळे कर, आणि फरक फक्त विवरणपत्र भरल्याच्या तारखेचा. वेळेआधी काम पूर्ण करणाऱ्या अशिलाला पुढे मागणीची नोटीस येईल का, हा त्या हंगामातील सर्वाधिक चर्चेचा प्रश्न होता, आणि अनेकांच्या बाबतीत ती आलीही.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐकण्यासारखे आहेत. विभागाचे म्हणणे असे की परंतुक फक्त कलम ११५बीएसी(१ए) खाली आकारणीयोग्य उत्पन्नाबद्दल बोलते. ते कलम स्वतःच त्या प्रकरणातील इतर तरतुदींच्या अधीन आहे आणि विशेष दराची कलमे त्याच प्रकरणात आहेत. म्हणून विशेष दराचा कर परंतुकाच्या बाहेर राहतो. करसल्लागारांचे उत्तर असे की रिबेट एकूण उत्पन्नावरील आयकरातून मिळतो आणि एकूण उत्पन्नात भांडवली नफा येतोच. शिवाय जिथे संसदेला रिबेट नाकारायचा होता तिथे तसे स्पष्ट लिहिले गेले आहे : सूचीबद्ध समभागांवरील दीर्घकालीन नफ्यासाठी कलम ११२ए(६) मध्ये मनाई आहे, कलम १११ए मध्ये ती नाही. एका ठिकाणी शब्द घातले आणि शेजारच्या ठिकाणी घातले नाहीत, तर त्या अनुपस्थितीला अर्थ द्यावा लागतो. प्रस्तुत लेखकाला हा दुसरा युक्तिवाद अधिक भक्कम वाटतो, तरी पहिला निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु वादाचा तिसरा पदर या दोन्हींहून महत्त्वाचा होता : युक्तिवाद कोणताही बरोबर असो, तो मांडण्याची संधीच सॉफ्टवेअरने काढून घ्यावी का?

करसल्लागारांच्या एका संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली ती मुख्यतः याच मुद्द्यावर. २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन विलंबित व सुधारित विवरणपत्रांची ३१ डिसेंबरची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवण्यास सांगितले आणि ३१ डिसेंबरला तसे परिपत्रक निघाले. २४ जानेवारी २०२५ च्या अंतिम निकालात न्यायालयाने रिबेट देय आहे की नाही हे ठरवले नाही. प्रश्न वादयोग्य आहे, त्याचा निर्णय योग्य त्या कार्यवाहीत व्हावा, पण करदात्याला दावा करण्यापासून उंबरठ्यावरच अडवता येणार नाही आणि युटिलिटी त्याप्रमाणे बदलली पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. विवरणपत्राचा नमुना कायद्याच्या सोयीसाठी असतो, कायदा नमुन्याच्या सोयीसाठी नव्हे, ही भूमिका त्यातून ठामपणे पुढे आली.

दावा करता येणे आणि तो मान्य होणे यांतला फरक लगेच दिसला. जानेवारीत दावा केलेल्या अनेक विवरणपत्रांवर प्रक्रिया होताना रिबेट नाकारला गेला. मग कलम १५४ खाली दुरुस्ती मागावी की थेट अपील करावे, हा प्रश्न पुढे आला. दुरुस्ती ही अभिलेखावरून उघड दिसणाऱ्या चुकीपुरती असते. न्यायालयाने जो प्रश्न वादयोग्य म्हटला आहे तो दुरुस्तीत सुटेल अशी अपेक्षा ठेवणे अवघड आहे. मात्र तोच तर्क विभागालाही लागू होतो : वादयोग्य प्रश्नावर इंटिमेशनमधून फेरबदल करणे हेही कलम १४३(१) च्या मर्यादेत बसत नाही, असा मुद्दा अपिलांत घेतला जातो. रक्कम बहुधा लहान असते, अपिलाचा खर्च तिच्या जवळपास जातो, आणि म्हणून अनेक अशील कर भरून मोकळे होतात. अपील केलेल्यांपैकी काहींना न्यायाधिकरणाकडून अनुकूल निकाल मिळाले आहेत.

दरम्यान २०२५ च्या वित्त अधिनियमाने नव्या प्रणालीतील मर्यादा बारा लाख आणि रिबेट ६०,००० रुपये केला आणि रिबेट विशेष दराच्या कराला मिळणार नाही हे आकारणी वर्ष २०२६-२७ पासून स्पष्ट केले. मनाई आता घालावी लागली याचा अर्थ ती आधी नव्हती, असे करदात्याच्या बाजूने म्हटले जाते; आधीचाच अर्थ केवळ स्पष्ट केला, असे विभाग म्हणतो. २३ जुलै २०२४ पासून कलम १११एचा दर १५ वरून २० टक्के झाल्याने मधल्या आकारणी वर्ष २०२५-२६ मध्ये विक्रीच्या तारखेप्रमाणे दोन दर लावावे लागले, आणि त्या वर्षासाठीही रिबेटचा प्रश्न तसाच उभा राहिला.

१९ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने, ज्यांना आधी रिबेट देऊन नंतर दुरुस्तीद्वारे काढून घेण्यात आला त्यांनी मागणीची रक्कम ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरल्यास कलम २२०(२) खालील, मागणी थकल्याबद्दलचे, व्याज माफ केले. ही सवलत व्याजापुरतीच होती. मूळ कराबाबत विभागाने आपली भूमिका सोडलेली नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम लागू होण्याची तारीख ठरली, त्यात आकारणी वर्षाऐवजी करवर्ष ही संकल्पना आली, कलमांचे क्रमांक बदलले. परंतु आकारणी वर्ष २०२४-२५ आणि २०२५-२६ ची प्रलंबित अपिले १९६१ च्या अधिनियमाखालीच चालणार असल्याने कलम ८७एचे परंतुक आणि कलम ११२ए(६) यांची तुलना करणाऱ्या टिपणांची गरज करसल्लागारांना आणखी काही वर्षे लागणार आहे.